ब्रेक डिस्क खरोखर वाकते का, आणि ती जास्त टिकवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाचगणीत राहणाऱ्या आणि कामासाठी रोज वाईला उतरणाऱ्या एका वाचकांची पेट्रोलवर चालणारी छोटी कार 30,000 किलोमीटर चालली आहे. 80 च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते. 19,000 किलोमीटरला हाच त्रास झाला तेव्हा ‘डिस्क बेंड झाल्या’ म्हणून पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलले गेले, आणि आता जेमतेम 11,000 किलोमीटरनंतर तेच दुखणे परत आले आहे. मधल्या काळात दोन वेळा पंक्चर काढले, दोन्ही वेळा चाक एअर गनने आवळले गेले. आता त्यांना छिद्रे असलेल्या महागड्या परदेशी डिस्क बसवण्याचा सल्ला मिळाला आहे. त्या बसवाव्यात का, आणि डिस्क टिकण्यासाठी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

सर्वप्रथम ‘बेंड’ या शब्दाबद्दल. गाडीची डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी आणि ब्रेक दाबल्यावर दोन्ही बाजूंनी पॅड जिला पकडतात ती चकती, बिडाची असते. आपल्याकडे घावनांचा बिडाचा तवा ज्यांनी वापरला आहे त्यांना बिडाचा स्वभाव ठाऊक असतो: तो पत्र्यासारखा वाकत नाही, फार छळले तर तडकतो. अतिउष्णतेने डिस्कचा आकार किंचित बिघडू शकतो हे खरे आहे, परंतु गेली पंचवीस वर्षे ब्रेकचे काम करताना ‘वाकलेल्या’ म्हणून माझ्याकडे आलेल्या डिस्कपैकी बहुतेक वाकलेल्या नव्हत्याच. त्यांची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नव्हती. हा फरक नुसता शब्दांचा नाही, कारण वाकण्याचा दोष डिस्कच्या माथी जातो आणि असमान जाडीचा दोष बहुधा ती बसवणाऱ्याच्या किंवा वापरणाऱ्याच्या.

जाडी असमान कशी होते ते समजले की बाकीचे उत्तर आपोआप कळते. डिस्क हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरत्या भागावर, अगदी सरळ बसली नसेल तर ती फिरताना किंचित डोलते. हे डोलणे डोळ्यांना दिसत नाही आणि नव्या डिस्कवर पायालाही जाणवत नाही, कारण कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ठेवणारा जबडा, आपल्या पिनांवर तेवढे मागेपुढे सरकून घेतो. खरे नुकसान ब्रेक दाबलेला नसताना होते. छोट्या कारचे चाक दर फेरीला सुमारे 1.85 मीटर पुढे जाते, म्हणजे 10,000 किलोमीटरमध्ये ते सुमारे 54 लाख वेळा फिरते, आणि डोलणाऱ्या डिस्कचा एकच उंच भाग तितक्याच वेळा पॅडला ओझरता घासून जातो. तेवढ्याच जागी डिस्क झिजते, किंवा पॅडच्या मिश्रणानुसार तेवढ्याच जागी पॅडचे द्रव्य चिकटत राहते. जाडीतला फरक 0.02 मिलिमीटरच्या आसपास पोहोचला की ब्रेक दाबताना प्रत्येक फेरीत दाब कमीजास्त होतो. 80 च्या वेगात चाक सेकंदाला सुमारे 12 फेऱ्या करते, आणि तुमच्या हाताला जाणवणारी थरथर तीच आहे. नवी डिस्क बसवल्यावर काही हजार किलोमीटर सर्व ठीक चालून मग त्रास सुरू होणे, हे या प्रकाराचे ठळक लक्षण होय. तुमचे 11,000 किलोमीटर त्यात नेमके बसतात.

मग डिस्क हबवर सरळ का बसत नाही? उत्तर बहुतेक वेळा हबच्या तोंडावर साचलेला गंज हे असते. जुनी डिस्क हातोडीने ठोकून काढली जाते, हबवर गंजाचे पापुद्रे तसेच राहतात आणि त्यावरच नवी डिस्क चढवली जाते. मागे महाडहून एक गाडी आली होती, जिच्या पुढच्या डिस्क दोन वर्षांत तीन वेळा बदलल्या गेल्या होत्या. चाक काढून डिस्क तिच्याच नटांनी वॉशर घालून आवळली, सस्पेन्शनच्या खांबाला डायल गेज (अगदी सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मापक) लावले, त्याचे टोक डिस्कच्या कडेपासून साधारण 10 मिलिमीटर आत टेकवले आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. काटा 0.11 मिलिमीटर हलला. डिस्क उतरवून पाहिली तर हबच्या कडेजवळ, एका बोल्टाशेजारी, तिळाएवढा गंजाचा चपटा खवला घट्ट बसलेला होता आणि नव्या डिस्कच्या आतल्या बाजूवर त्याचा ठसाही उमटला होता. खवल्याची जाडी मोजली तर 0.06 मिलिमीटर, म्हणजे आपल्या केसाएवढी. पण हबचे तोंड साधारण 130 मिलिमीटर व्यासाचे आणि जिथे मोजले तिथे डिस्कचा व्यास 240, त्यामुळे तेवढ्याशा खवल्याचे डोलणे कडेला जवळपास दुप्पट होते. हब तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने चकचकीत होईपर्यंत घासले, डिस्कची आतली बाजू पुसली आणि पुन्हा मोजले तेव्हा काटा 0.03 वर आला. मग डिस्क एक बोल्ट पुढे फिरवून बसवली तेव्हा 0.02. अर्ध्या तासाचे काम आणि दहा रुपयांचा एमरी पेपर यांत जे साधले, ते आधीच्या तीन जोड्यांनी साधले नव्हते.

गाडीवर बसवलेल्या डिस्कचे डोलणे 0.05 मिलिमीटरच्या आत असावे असा माझा आग्रह असतो. काही उत्पादक यापेक्षा थोडी जास्त मर्यादा देतात, पण त्या मर्यादेच्या काठावर सोडलेली गाडी वर्षभरात परत येते, असा माझा अनुभव आहे. हब घासूनही काटा खाली येत नसेल तर डिस्क उतरवून थेट हबच्या तोंडावर गेज लावावे. दोष तिथेच दिसला तर हब किंवा बेअरिंग बदलावे लागते, आणि अशा वेळी जगातली कोणतीही डिस्क टिकणार नाही.

दुसरे कारण तुमच्या प्रश्नातच आले आहे. डिस्क ही हब आणि चाक यांच्यामध्ये दाबून धरलेली असते. एक नट गच्च आणि समोरचा सैल असेल तर डिस्कचा मधला टोपीसारखा भाग असमान ताणला जातो आणि सरळ डिस्कसुद्धा डोलू लागते. पंक्चरच्या दुकानात एअर गनने ‘कर्र’ असा आवाज येईपर्यंत नट आवळला जातो, तेव्हा त्यावर किती जोर पडला हे दुकानदारालाही माहीत नसते. छोट्या कारसाठी हा जोर साधारणपणे 85 ते 110 न्यूटन-मीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. आधी सर्व नट हाताने बसवावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने अर्ध्या जोराने आवळावेत, जॅक उतरवून चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क पान्याने त्याच क्रमाने पूर्ण आवळावेत, आणि 50 ते 100 किलोमीटर गाडी चालवून पुन्हा एकदा तपासावेत. टॉर्क पाना घरी ठेवणे हा मला अतिरेक वाटत नाही, कारण त्याची किंमत डिस्कच्या एका जोडीपेक्षा कमी असते. पाना नसेल तर निदान पंक्चरवाल्याला ‘गन फक्त खोलायला वापरा, आवळायला हाताचा पाना घ्या’ एवढे सांगावे. तो नाराज होतो, पण ऐकतो.

आता घाटाविषयी, कारण तुमच्या बाबतीत तो रोजचाच आहे. पाचगणीहून वाईला उतरताना पसरणीच्या घाटात गाडी सुमारे 600 मीटर खाली येते. गाडीचे वजन कितीही असो, एवढ्या उताराची ऊर्जा ताशी 100 किलोमीटर वेगातून पूर्ण थांबण्याच्या सुमारे 15 ब्रेकांइतकी असते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलात तर उतार सुमारे 1300 मीटरचा आणि हिशोब 33 ब्रेकांचा होतो. यातला काही भाग टायर आणि वारा खातात. उरलेली ऊर्जा इंजिनाने पेलायची की डिस्कने, हे गिअर ठरवतो. ज्या गिअरमध्ये आपण घाट चढलो त्याच किंवा त्याहून एक खालच्या गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांची संख्या अजूनही कमी झालेली नाही, पण इंधन फवारणीच्या आजच्या इंजिनांत उलटेच घडते. गाडी गिअरमध्ये असून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधन बंद होते, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळतच राहते. एएमटी (क्लचशिवाय आपोआप गिअर बदलणारी गाडी) असेल तर मॅन्युअल स्थितीत दुसरा गिअर धरावा, आणि सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) असेल तर खालच्या गिअरसाठी दिलेली स्थिती वापरावी.

योग्य गिअर धरूनही वेग वाढत असेल तर ब्रेकवर सतत हलका पाय ठेवून उतरू नये. वेग ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ठामपणे ब्रेक लावून तो 10-15 ने कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कच्या पोकळ पापुद्र्यांतून हवा खेळते. अर्थात हे गिअरच्या जोडीला करायचे आहे, गिअरच्या ऐवजी नव्हे. डिस्क सतत तापत राहिली आणि तिच्यावरच्या काही जागा 650 ते 700 अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्या तर तेवढ्या ठिकाणी बिडाची आतली रचनाच बदलते आणि तिथे निळसर, अतिशय कडक ठिपके तयार होतात. कडक ठिपका कमी झिजतो, आजूबाजूचा भाग जास्त झिजतो, आणि जाडी पुन्हा असमान होते. लेथवर वरचा थर काढला तरी ठिपक्याचे मूळ खाली शिल्लक राहते, म्हणून असे ठिपके दिसले की ती डिस्क भंगारात द्यावी, लेथचा खर्च करू नये.

घाट उतरल्यावरची एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. खाली आल्यावर चहासाठी गाडी थांबवायची आणि गप्पा मारत ब्रेक दाबून उभे राहायचे, किंवा सिग्नलला पाय रोवून थांबायचे. डिस्क तापलेली असताना पॅड एकाच जागी दाबून धरला की त्याचे द्रव्य तेवढ्या जागेवर उतरते आणि पॅडच्या आकाराचा डाग राहतो. घाट संपल्यावर एक-दोन किलोमीटर ब्रेक फारसा न लावता सावकाश चालवावे, थांबणे भाग पडलेच तर गाडी सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवून पाय सोडावा. घाटाच्या पायथ्याशी गाडी लगेच धुण्यास देणे तर टाळावेच. तापलेल्या बिडाच्या तव्यावर कोणी गार पाणी ओतत नाही, पण तापलेल्या चाकावर मात्र फवारा मारण्यात आपल्याला काही वाटत नाही. पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी उडते त्याची इतकी काळजी करू नये. त्या पाण्याचा मारा थोडा असतो आणि डिस्क फिरत असल्यामुळे ती सगळीकडून सारखी निवते.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर खंडेनवमीचेही सांगतो. त्या दिवशी गाडी धुऊन, पूजा करून, हार घालून दोन-तीन दिवस दारात उभी ठेवली जाते, आणि पुढच्या आठवड्यात ब्रेक किरकिरतो म्हणून माझ्याकडे रांग लागते. ओल्या डिस्कवर रात्रीत गंजाची साय धरते. ती चार ब्रेकांत निघून जाते, पण पॅडखाली अडकलेल्या ओलाव्याने पॅडच्या आकाराचा ठसा पडला तर तो सहज जात नाही. धुतल्यावर गाडी किलोमीटरभर फिरवून सहा-सात वेळा ब्रेक लावावा आणि मग उभी करावी. कोकणात खाऱ्या हवेत महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे जास्तच लागू आहे. इलेक्ट्रिक गाड्यांचेही तसेच, कारण त्यांचा वेग बहुतांशी मोटरच कमी करते, डिस्क क्वचित वापरली जाते आणि झिजण्याऐवजी गंजते. अशा गाडीला आठवड्यातून एखादा खणखणीत ब्रेक मुद्दाम लावावा.

नवे पॅड ‘सेट’ करणे आपल्याकडे ग्राहकाच्या नशिबावर सोडले जाते. पॅड आणि डिस्क यांचे जमते ते डिस्कवर पॅडच्या द्रव्याचा एक पातळ, सारखा थर बसल्यावर. नवी डिस्क गंज लागू नये म्हणून तेलाच्या थरासह येते, तो थर ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन डिस्क कोरडी करावी. नंतर रिकाम्या रस्त्यावर 60 च्या वेगातून 10 पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावावा, कुठेही पूर्ण थांबू नये, आणि शेवटी पाच-दहा मिनिटे ब्रेकविना चालवून डिस्क निवू द्यावी. तुमच्या बाबतीत याची गरज अधिक आहे, कारण वर्कशॉपमधून निघालेली तुमची गाडी सेट न होताच थेट घाटात जाते. पॅड वेगळ्या प्रकारचे घेतले असतील तर जुन्या डिस्कवरचा आधीचा थर एमरी पेपरने काढून मगच ते बसवावेत.

कॅलिपरच्या स्लाइड पिनांकडे दर 20,000 किलोमीटरला, किंवा निदान दर पावसाळ्यानंतर, लक्ष द्यावे. त्यांवरचे रबरी बूट फाटले आणि ग्रीस वाळले की कॅलिपर मागे सरकत नाही आणि एक पॅड डिस्कला टेकलेलाच राहतो. एकाच चाकाचे आतले आणि बाहेरचे पॅड वेगवेगळे झिजलेले दिसले तर संशय पिनांवर घ्यावा, आणि आतला पॅडच जास्त झिजला असेल तर पिस्टनही तपासून घ्यावा. साधे पिवळे ग्रीस इथे अजिबात वापरू नये, त्याने रबर फुगते. ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीसच लावावे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. ते हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो: डॉट 3 ऑइलचा 205 अंशांवरून 140 पर्यंत, तर डॉट 4 चा 230 वरून 155 पर्यंत. जुन्या ऑइलने डिस्क बिघडत नाही, पण घाटात पेडल तळाला जाते, आणि ओलाव्याने पिस्टन गंजून अडकला की मग डिस्कवरही पाळी येते.

लेथवर डिस्क ‘टर्न’ करून घेण्याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. दुकानातल्या लेथवर डिस्क तिच्या मधल्या छिद्रावरून धरली जाते, तुमच्या हबवरून नव्हे. त्यामुळे लेथवर सरळ झालेली डिस्क गाडीवर पुन्हा वाकडी बसू शकते. गाडीवरच बसवून फिरवणारे यंत्र कुणाकडे असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय प्रत्येक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. नवी 22 मिलिमीटरची डिस्क बहुधा 20 पर्यंतच वापरता येते. टर्न केल्यावर ती त्या आकड्याजवळ पोहोचली, तर उष्णता साठवायला लोखंडच कमी उरते आणि ती आधीपेक्षा लवकर तापते. जाडी मायक्रोमीटरनेच मोजावी. व्हर्नियरचे जबडे कडेच्या न झिजलेल्या गंजक्या काठावर टेकतात आणि संपलेली डिस्कही नवी भासते.

छिद्रांच्या डिस्कबाबत उत्तर स्पष्टपणे ‘नको’ असे आहे. छिद्रांमुळे डिस्कचे वजन कमी होते, म्हणजे उष्णता सामावण्याची तिची क्षमता कमी होते, आणि वारंवार तापण्या-निवण्याने भेगा सुरू होतात त्या छिद्रांच्या काठापासूनच. घाटात रोज उतरणाऱ्या गाडीला उत्पादकाने दिलेली साधी, पोकळ पापुद्र्यांची डिस्कच योग्य. पॅडही त्याच दर्जाचे घ्यावेत. फार कडक, स्वस्त पॅड स्वतः टिकतात आणि डिस्क खातात. चांगल्या बसवणीत पॅडचे दोन ते तीन संच होईपर्यंत एक डिस्क चालावी.

खर्च करण्यापूर्वी दोष पुढच्याच चाकांत आहे याची खात्री करून घ्या. ब्रेक न लावताही ठरावीक वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर ते चाकांच्या बॅलन्सिंगचे काम आहे. ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग स्थिर आणि फक्त सीट व पेडल थरथरत असेल तर मागचे ड्रम पाहावेत. तुमच्या वर्णनावरून दोष पुढचाच वाटतो. म्हणून गॅरेजमध्ये जाऊन तीन आकडे लिहून घ्या: गाडीवर बसवलेल्या डिस्कचे डोलणे, हब घासल्यानंतरचे डोलणे, आणि डिस्कच्या परिघावर सारख्या अंतराने आठ ठिकाणी मोजलेली जाडी. ज्या गॅरेजकडे डायल गेज नाही त्यांनी ‘बेंड’ हा निदानाचा शब्द वापरला तर दुसरे गॅरेज पाहावे. जाडीतला फरक 0.02 च्या आत आणि हब घासल्यावर डोलणे 0.05 च्या आत आले तर आहेत त्याच डिस्क एमरी पेपरने साफ करून, पॅडचा वरचा चकाकणारा थर काढून, पुन्हा सेट करून पाहाव्यात. फरक त्यापेक्षा जास्त निघाला तर कंपनीच्या साध्या डिस्क आणि नवे पॅड एकत्रच बदलावेत, आणि नवी डिस्क चढण्यापूर्वी हबचे तोंड स्वतः उभे राहून, बोट फिरवून पाहावे.